भट्टीची किल्ली

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. मुलीने एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवलेली असते, घरच्यांनी इंजिनिअरिंगचा हट्ट बराच भांडून सोडलेला असतो, आणि कलाशाखेची सीईटी देऊन झालेली असते. पूर्वी प्रश्न ठरलेला होता: पेंटिंग घ्यावं की अप्लाइड? गेल्या काही वर्षांत तो बदललाय. ‘सर, एकाच डिग्रीत चित्र, शिल्प, छपाई, फोटो, ॲनिमेशन असं सगळं शिकवतात म्हणे. ते घेऊ का?’

मी ‘घे’ म्हणतो. पण म्हणताना पोटात गोळा येतो. बहुविद्याशाखीय दृश्यकलेचं शिक्षण मला मनापासून हवं आहे. त्या नावाखाली जे उभं राहतंय त्यातलं बरंचसं मात्र निव्वळ वेळापत्रक आहे.

मी चित्रकलेचा विद्यार्थी होतो. आमच्या वर्गाच्या खालच्याच मजल्यावर मातीकामाचा विभाग होता. दुसऱ्या वर्षाला असताना मला एका चित्रासाठी भाजलेल्या मातीचे छोटे तुकडे हवे होते. रंगाने तो पोत येत नव्हता, म्हणून म्हटलं, तुकडेच करून भाजून घेऊ. त्यासाठी आधी आमच्या विभागप्रमुखांची चिठ्ठी, मग त्यांच्या विभागप्रमुखांची सही, मग शिपाईकाकांकडून भट्टीची किल्ली. सही होईपर्यंत टर्म संपली. तुकडे झालेच नाहीत. तक्रार म्हणून हे सांगत नाही. तिथले दोन्ही शिक्षक चांगलेच होते. पण त्या दोन मजल्यांमधल्या जिन्यावर मला आपल्या कलाशिक्षणाचा अख्खा इतिहास भेटला, असं पुढे तो इतिहास वाचताना वाटलं.

कारण सुरुवातीला हा जिना नव्हताच. जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ मध्ये एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तेच आजचं जे. जे. १८६५ च्या सुमारास इंग्लंडहून तीन शिक्षक आले. जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे भित्तिसजावटीची चित्रकला, लॉकवुड किपलिंग यांच्याकडे मूर्तिकाम आणि हिगिन्स यांच्याकडे धातुकाम. शिकण्याची जागा म्हणजे कार्यशाळा, आणि परीक्षा म्हणजे बाहेर उभं राहत असलेलं शहर. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्या-कामकऱ्यांची उठावशिल्पं किपलिंग यांची. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, त्या इमारतीच्या दगडांतले पशुपक्षी आणि पानंफुलं घडवण्यात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. त्या मुलांना रेखाटन यावं लागे, मातीत नमुना करता यावा लागे, दगडाची जात कळावी लागे आणि इमारतीचा आराखडा वाचता यावा लागे. याला कुणी बहुविद्याशाखीय म्हणत नव्हतं. कामच तसं होतं.

त्या काळाची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. इथल्या कारागिराला साहेबाच्या नजरेने ‘रुची’ शिकवायची हा त्या शाळेमागचा एक उघड हेतू होता. कारागीर कोण आणि कलावंत कोण, ही वर-खाली उतरंडही त्याच वर्गांत रुजली आणि हळूहळू व्यक्तिचित्र वर जाऊन बसलं, मडकं खाली राहिलं. तरी त्याच ग्रिफिथ्सनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या, आणि ते काम दहा वर्षांहून जास्त चाललं. डोंगरातल्या अंधारात बसून जुन्या भिंतीवरचा रंग आणि रेषा उलगडताना ती मुलं कलेबरोबर इतिहासही शिकली, रसायनही शिकली. एका भिंतीपुढे बसून शिकलेल्या त्या विद्या होत्या.

पुढे वाटण्या झाल्या. १९५० च्या दशकात वास्तुकलेचं बिऱ्हाड वेगळं झालं, १९६१ च्या सुमारास उपयोजित कलेचं. आवार एक, झाडं तीच, पण संस्था तीन. या वाटण्यांना कारणं होती: वास्तुविशारदाला व्यवसायाची मान्यता हवी होती, जाहिरात क्षेत्र वाढत होतं, प्रत्येक शाखेचं ज्ञान खोल होत चाललं होतं. खोली हवी तर भिंत घालावी लागते, असा तो विचार. चूक अशी झाली की भिंत घातली आणि तिला दारच ठेवलं नाही.

दार नसतानाही जी माणसं आरपार गेली, त्यांच्याकडे बघितलं की या शिक्षणाचं मर्म कळतं. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये जे. जे.त दाखल झाले, नंतर १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात गेले. सयाजीरावांचं हे कलाभवन त्याच साली निघालं होतं. तिथे चित्रकलेच्या शेजारी यंत्रकाम आणि रसायन होतं. फाळके चित्र शिकले, मूर्तिकाम शिकले, छायाचित्रण शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याचं आणि फोटोचं काम केलं. लोणावळ्यात राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं, छपाई शिकायला जर्मनीला गेले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, स्वतःच्या नावाची अक्षरं उलटवून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून.

आजच्या एखाद्या मुलाखतीत असा बायोडेटा समोर आला तर आपण म्हणू, या माणसाचं लक्ष एका जागी नाही. आपल्याकडे त्यासाठी म्हणच आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. पण १९१२ मध्ये कॅमेरा हातात आल्यावर फाळक्यांनी आधी काय केलं, ते पाहा. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, कॅमेरा त्याच्यापुढे रोवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. रोप भराभर वाढतंय असं पडद्यावर दिसलं. ‘अंकुराची वाढ’. यात छायाचित्रकाराचा प्रकाश आहे, यंत्र जाणणाऱ्याचा हात आहे, जादूगाराला ठाऊक असलेलं प्रेक्षकाचं मन आहे आणि रोज एकाच वस्तूकडे बघत बसणाऱ्या चित्रकाराची चिकाटी आहे. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या कुंडीतून उगवला. आयुष्यभर गोळा केलेल्या चिंध्यांची गोधडी झाली, कारण शिवायला एक दोरा होता: पडद्यावर हलणारं चित्र मला करायचंच आहे.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कुठल्याच कलाशाळेचं दार पाहिलं नव्हतं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा ध्यास घेतला. कॅमेरा मिळेना. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. लेथवर धातू कातणारा तो चित्रकारच होता. चित्रासाठी कातत होता.

माझं म्हणणं या दोघांपाशी उभं आहे. विद्या एकमेकींत मिसळतात त्या कामाच्या ओढीने. विषयांची यादी लांबवली म्हणून मिसळत नाहीत. विद्यापीठाने विद्यार्थ्याला द्यायला हवं ते आधी काम, मग त्या कामामागे जाताना लागेल ते दार उघडं. बहुतेक नव्या अभ्यासक्रमांत क्रम उलटा आहे. दारं वाटून दिली आहेत आणि काम कुठलं, ते विचारलंच नाही.

इथे माझ्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांची हरकत मला गंभीर वाटते. ते म्हणतात, गायतोंड्यांना काय लागलं? रंग, कॅनव्हास, रोलर, चाकू आणि अमाप एकांत. वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे.तून बाहेर पडले आणि अर्धशतक एकाच माध्यमात खोल उतरत गेले. चार वर्षांत आठ माध्यमं हाताळणाऱ्या मुलाला ही खोली कुठून यायची? हरकत बरोबर आहे. म्हणूनच एकाच माध्यमात चार वर्षं बुडून राहायचा हक्कही या पदवीत असला पाहिजे, आणि तसं राहणाऱ्याला ‘हा बहुविद्याशाखीय नाही’ म्हणून गुण कमी पडता कामा नयेत. पण दरवर्षी वर्गात येणाऱ्या पन्नास-साठ मुलांत गायतोंडे एखादाच असतो. आणि तो एखादा कोण, हे प्रवेशाच्या दिवशी त्याला स्वतःलाही माहीत नसतं. सतराव्या-अठराव्या वर्षी, मातीला हात लावण्याआधी, ‘माती की रंग’ हे कायमचं ठरवायला लावणं हा जुन्या पद्धतीतला अन्याय होता.

आता नव्या पद्धतीतल्या अन्यायाचा हिशेब मांडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, गौण विषय, खुला विषय अशी रचना आणली. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात तीस तास. मुख्य विषय चित्रकला असलेल्या मुलीने दोन श्रेयांकांचं मातीकाम घेतलं, तर तिला पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास मिळतात. एकूण साठ. कागदावर साठ तास पुष्कळ दिसतात.

आता हे सत्र जुलैत सुरू होतं असं धरा, आणि कॉलेज मुंबईत किंवा कोकणात. पहिला आठवडा माती मळण्यात, तिच्यातली हवा काढण्यात जातो. मुलगी एक भांडं किंवा एक मुखवटा करते. तो हळूहळू वाळला पाहिजे. घाईने वाळवला तर तडा जातो, आणि ओला भट्टीत गेला तर फुटतो, आपल्याबरोबर शेजारच्यांचीही कामं फोडतो. मार्चमध्ये आठवड्यात वाळणारी वस्तू जुलैच्या दमट हवेत तीन-तीन आठवडे हाताला गार लागते. गार लागते म्हणजे आत पाणी आहे. मग पहिली भाजणी, हजार अंशांच्या आसपास. भट्टी पुरेशा वस्तू जमल्याशिवाय लावत नाहीत, म्हणून थांबा. पेटल्यावर ती निवायलाही दिवस जातो. मग चकाकीचा लेप, मग दुसरी भाजणी. हे सगळं सुरळीत झालं तर दिवाळीच्या आधी मुलीच्या हातात तिची पहिली वस्तू येते, आणि तिचा रंग तिने योजला होता त्यापेक्षा वेगळा आलेला असतो. इथे शिकणं सुरू होतं. असा का आला? लेप जाड बसला, की आच कमी पडली? दुसऱ्यांदा करून बघू. तेवढ्यात सत्र संपतं. पुढच्या सत्रात तिच्या वाट्याला छायाचित्रण येतं.

अशी आठ सत्रं झाली की तिच्याकडे आठ पहिल्या वस्तू असतात. दुसरी एकही नसते. आणि माध्यमाशी ओळख होते ती दुसऱ्या वस्तूत, चुकीचं कारण शोधताना. लिथोच्या दगडाचं तेच. एका चित्राचे छाप काढून झाले की दगड घासून कोरा करायचा असतो, त्यात घामटं निघतं, आणि त्या घासण्यातच दगड कळतो. वेळापत्रकात घासण्याला श्रेयांक नाही.

म्हणून बहुविद्याशाखीय पदवी ही स्वस्त पदवी असूच शकत नाही. तिला एकाच शाखेच्या पदवीपेक्षा जास्त वेळ लागतो, जास्त जागा लागते, कार्यशाळा रात्री उघड्या ठेवणारे तंत्रसाहाय्यक लागतात आणि कायम नोकरीतले शिक्षक लागतात. तासिका तत्त्वावरचा शिक्षक घंटा झाली की दुसऱ्या कॉलेजात पळतो. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. भट्टीपाशी रात्री कोण थांबणार?

हे जमतं, याचा पुरावा आपल्या जवळच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं, हंसा मेहता कुलगुरू होत्या, आणि १९५० मध्ये तिथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली. डिप्लोमाच्या जगात कलेला विद्यापीठाची पदवी मिळाली. मुंबईत जे. जे.ला ती गोष्ट १९८१ मध्ये साधली. बडोद्यात चित्रकला शिकवायला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले, शिल्पकलेसाठी शंखो चौधुरी, आणि लवकरच शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन. सुब्रमण्यन भित्तिचित्रं करत, खेळणी करत, काचेवर रंगवत, निबंध लिहीत. मधे दोनेक वर्षं हातमाग मंडळात जाऊन विणकरांसाठी नक्ष्या करून आले. एका इमारतीत कलेच्या इतिहासाचा विभाग आणि रंगाने माखलेले वर्ग शेजारीशेजारी नांदले. साठच्या दशकापासून तिथे कलामेळे भरू लागले, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, बाहुल्या, कापड करत आणि लोकांना विकत. मेळा तोंडावर आला की चित्रकार आणि मूर्तिकार असा भेद उरत नाही. बाहुलीचा हात बसवायचा असतो. अभ्यासक्रम समितीला जे नियमांनी जमत नाही, ते एका मेळ्याने होतं.

आणखी एक गोष्ट शांतिनिकेतनातून शिकण्यासारखी आहे. नंदलाल बसूंना भित्तिचित्राचं जयपुरी तंत्र विद्यार्थ्यांना द्यायचं होतं, तेव्हा त्यांनी जयपूरहून नरसिंगलाल या मिस्त्रींना बोलावून घेतलं. चुना कसा भिजवायचा, किती दिवस मुरवायचा, भिंत कशी घोटायची, हे नामांकित चित्रकार मिस्त्रींपाशी उभं राहून शिकले. आज असे मिस्त्री आपल्या विद्यापीठात शिक्षक होऊ शकतील का? नेट नाही, पीएचडी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट काढली आहे, तिला पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव पुरतो. ही वाट कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी वापरायला विद्यापीठं उत्सुक असतात. पैठणीचा विणकर, सावंतवाडीचा लाकडी खेळण्यांचा कारागीर, पेणचा मूर्तिकार यांच्यासाठी ती वापरली तर अर्धा प्रश्न सुटेल. त्यांना प्रात्यक्षिक दाखवायला दोन तास बोलावून शाल-श्रीफळ देणं मला आता लाजिरवाणं वाटतं. त्यांना वर्षभराचा वर्ग द्या आणि शिक्षकाचा पगार द्या.

अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे यांचं उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचं वाटतं. १९५९ मध्ये डिप्लोमा झाल्यावर ते विणकर सेवा केंद्रात लागले, काही वर्षं बनारसला राहिले. मागावरच्या नक्षीत रिकामी जागासुद्धा मोजून धरावी लागते. बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शिंपला अशा वस्तू मोकळ्या अवकाशात ज्या अंतराने ठेवलेल्या दिसतात, त्यात मला मागाजवळच्या त्या वर्षांची सावली दिसते. हे माझं वाचन आहे, दुसऱ्याला ती दिसणारही नाही. पुढे त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ लिहिलं, मराठीत. त्याच विणकर सेवा केंद्रातले भास्कर कुलकर्णी आधी मिथिलेत गेले, नंतर डहाणूच्या वारली पाड्यांवर पोचले आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगापुढे आली. सरकारी नोकरीने या चित्रकारांना जे दिलं, ते पदवीने द्यायला हवं होतं: दुसऱ्याच्या कामाशेजारी बसायची सवड.

बरवे मराठीत लिहीत, यावर मी मुद्दाम थांबतो. बहुविद्याशाखीय म्हणताना आपण यंत्रं आणि सॉफ्टवेअर मोजतो, भाषा मोजत नाही. विद्यापीठात असण्याचा खरा फायदा तोच आहे की भाषा, इतिहास, मानववंशशास्त्र हे विभाग हाकेच्या अंतरावर असतात. द. ग. गोडसे नेपथ्य करत, चित्रं काढत आणि इतिहासाचा शोध घेत. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘पोत’ आहे. कापडाचा हा शब्द हाती धरून त्यांनी कलेचा विचार केला. असा शब्द इंग्रजी पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. आपल्या कलामहाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेली मुलं भरपूर असतात. हातात कसब असतं, डोळा तयार असतो आणि कलेच्या इतिहासाच्या पेपरला ती पाठ केलेली इंग्रजी वाक्यं उतरवतात. स्वतःच्या चित्राबद्दल दोन वाक्यं बोलायला सांगितलं की मान खाली जाते. ज्या मुलाला आपल्या कामाविषयी आपल्या भाषेत विचार करता येत नाही, त्याला दुसऱ्या शाखेच्या माणसाशी बोलता तरी कसं येणार? ‘विवेक’ने २०१३ मध्ये सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली काढलेला चरित्रकोशाचा दृश्यकला खंड प्रत्येक कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे का, आणि असला तर कपाटाला कुलूप आहे का, हे तपासायला समिती नेमावी लागत नाही.

२०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कला, वास्तुकला आणि उपयोजित कला, म्हणजे वाटणी झालेली तिन्ही बिऱ्हाडं, पुन्हा एका छपराखाली येण्याचा योग साठ वर्षांनी जुळला आहे. अभिमत झाल्यावर फी वाढेल आणि गावाकडची मुलं बाहेर राहतील ही धास्ती अनेकांनी बोलून दाखवली, ती मलाही आहे. ज्या अभ्यासक्रमात डहाणूची, गडहिंग्लजची, देगलूरची मुलं नाहीत, तो कितीही शाखा जोडो, अपुराच राहणार. कारण त्या मुलांच्या घरातच भिंत सारवणं, टोपली विणणं, गणपती घडवणं या विद्या आहेत. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती अशी: पहिलं वर्ष पूर्ण कार्यशाळांना द्या, दुसऱ्यापासून प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं एक काम निवडू द्या, आणि त्या कामासाठी लागेल त्या विभागात जायला चिठ्ठी लागू नये असा ठराव करा. श्रेयांकांचा हिशेब कामाच्या मागून येऊ द्या.

आणि फोन करणाऱ्या त्या मुलीला आता मी एवढंच सांगतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेज बघायला जा, पण संध्याकाळी सहानंतर जा. माहितीपत्रक मागू नकोस, कार्यशाळांच्या बाजूला चक्कर मार. दिवे लागलेले असतील, आत मुलं असतील, चित्रकलेचा एखादा मुलगा मातीने भरलेल्या हातांनी भट्टीपाशी बसलेला दिसला, तर तिथे नाव घाल. कुलूप दिसलं तर परत ये, आपण दुसरं कॉलेज बघू.